म्युझिक रेडिओ, लेबल मार्केटिंग आणि आर्टिस्ट रिलेशन्समधलं करिअर: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

संगीतात यायचंय पण गायक-वादक म्हणून नाही, पडद्यामागचं काम करायचंय, असं म्हणणाऱ्या मुलामुलींचे मेसेज सतत येतात आणि प्रश्न बहुतेक तेच असतात, म्हणून सगळी उत्तरं एका जागी लिहून ठेवतोय. मी रेडिओच्या म्युझिक डिपार्टमेंटला काम केलंय आणि नंतर लेबललाही (लेबल म्हणजे गाणी रेकॉर्ड करून बाजारात आणणारी कंपनी), म्हणजे गाणं घेऊन जाणाराही होतो आणि गाणं घेऊन आलेल्याला "ऐकून सांगतो" म्हणणाराही.

या लाइनमध्ये नक्की कुठली कुठली कामं असतात?

लोकांना वाटतं एकतर आरजे नाहीतर मॅनेजर, मधे काही नाहीच. प्रत्यक्षात स्टेशनमध्ये गाणी निवडणारा म्युझिक मॅनेजर असतो, त्याच्या वर प्रोग्रॅमिंग हेड असतो, शो प्रोड्यूसर असतात, जिंगल आणि प्रोमो बनवणारे साउंडवाले असतात. लेबलमध्ये मार्केटिंग, रेडिओ प्रमोशन, पीआर, डिजिटल, जुन्या गाण्यांचा कॅटलॉग सांभाळणारे, गाणी वापरायची परवानगी देणारे लायसन्सिंगवाले, आणि नवीन आर्टिस्ट शोधणारी ए अँड आर टीम. आर्टिस्ट रिलेशन्सवाले या सगळ्यांच्या मधे उभे असतात. हीच पोस्ट स्ट्रीमिंग कंपन्यांमध्ये असते आणि गिटार, ड्रम, झांजा बनवणाऱ्या कंपन्यांमध्येही असते, तिथे वादकांना वाद्यं पुरवणं आणि त्यांच्याकडून खरा फीडबॅक आणणं हे काम असतं, ते बऱ्याच जणांच्या डोक्यातच येत नाही. माणसं एकीकडून दुसरीकडे जात राहतात, त्यामुळे सुरुवात कुठून केली याचं फार टेन्शन घेऊ नका.

रेडिओवर कुठलं गाणं लागणार हे आरजे ठरवतो ना?

काही खास शो सोडले तर नाही. म्युझिक स्टेशनवर गाणी कॅटेगरीत टाकलेली असतात, सगळ्यात जास्त वाजणारी पॉवर, मग चढती, मग नुकतीच उतरलेली, मग जुनी. प्रत्येक तासाचं एक क्लॉक असतं ज्यात कुठल्या मिनिटाच्या आसपास कुठल्या कॅटेगरीतलं गाणं येणार ते ठरलेलं असतं, आणि सॉफ्टवेअर त्यावरून दिवसाचा लॉग, म्हणजे गाण्यांची क्रमवार यादी काढतं. आरसीएस कंपनीचं सिलेक्टर हे सॉफ्टवेअर १९७९ पासून आहे, म्हणजे हा प्रकार आजचा नाही. पण सॉफ्टवेअरने लॉग काढला म्हणून काम संपत नाही, चांगला म्युझिक मॅनेजर रोज बसून तो लॉग वाचतो, दोन संथ गाणी मागोमाग आलीत का, एकाच गायकाचा आवाज तासात दोनदा येतोय का, ड्युएटमुळे नियम चुकवून कुणी घुसलंय का, आणि हाताने दुरुस्त करतो.

यातलं एक गणित सांगतो कारण इंटरव्ह्यूमध्ये हे समजणारा मुलगा लगेच उठून दिसतो. समजा पॉवर कॅटेगरीत ६ गाणी आहेत आणि तासाला २ जागा आहेत, तर एक गाणं फिरून यायला ३ तास लागतात, म्हणजे दिवसाला ८ वेळा. ऐकायला मस्त वाटतं पण २४ ला ३ ने पूर्ण भाग जातो, त्यामुळे आज सकाळी ९ ला लागलेलं गाणं उद्याही ९ लाच येणार, आणि जो माणूस रोज ९ लाच गाडीत बसतो त्याला वाटणार की या स्टेशनकडे दुसरं गाणंच नाही. म्हणून ५ किंवा ७ गाणी ठेवतात, मग फेरी अडीच किंवा साडेतीन तासांची होते आणि गाणं रोज वेगळ्या वेळी पडतं. एवढ्याशा गोष्टीने ऐकणाऱ्याचा अनुभव पूर्ण बदलतो आणि त्याला कधी कळतही नाही की कुणीतरी याचा विचार केला होता. मला हे काम फार आवडायचं, अजूनही आवडतं.

शिवाय रिसर्च असतो. गाण्याचा सगळ्यात ओळखीचा काही सेकंदांचा तुकडा म्हणजे हुक लोकांना ऐकवतात आणि विचारतात, ओळखता का, आवडतं का, आणि आता कंटाळा आलाय का. नवीन गाणं पुरेसं वाजल्याशिवाय टेस्टला टाकण्यात अर्थ नसतो, कारण न ओळखलेल्या गाण्याला लोक सरसकट कमी मार्क देतात. आणि उलटं पण होतं, ऑफिसमधल्या सगळ्यांना एखादं गाणं नकोसं झालेलं असतं तेव्हा बाहेर ऐकणाऱ्याला ते जेमतेम आवडायला लागलेलं असतं. स्वतःच्या कंटाळ्यावरून गाणं काढू नका.

आता रेडिओ ऐकतं कोण, त्यात करिअर करण्यात पॉइंट आहे का?

आहे, पण फक्त एफएमचा टॉवर डोळ्यासमोर ठेवून नाही. एक्स्पर्टने क्रमाने लावलेली गाणी ऐकणं हे कुठेही संपलेलं नाही, स्ट्रीमिंग ॲपवर प्लेलिस्ट लावणारा एडिटर जे करतो ते बऱ्याच अंशी म्युझिक मॅनेजरचंच काम आहे. क्लॉक, फ्लो, रोटेशन, हुक हे सगळं तिथे जसंच्या तसं कामी येतं. पैशाच्या बाजूने बघाल तर आयएफपीआय या जागतिक संघटनेच्या आकड्यांप्रमाणे २०२४ मध्ये रेकॉर्डेड म्युझिकची जगभरातली कमाई २९.६ अब्ज डॉलर होती आणि त्यातली ६९ टक्के स्ट्रीमिंगची, त्यामुळे दोन्ही शिकून ठेवा.

लेबलमध्ये मार्केटिंगवाले दिवसभर करतात काय? पोस्टर आणि रील?

ते शेवटी दिसतं तेवढं. खरं काम रिलीजच्या दोन-तीन महिने आधी सुरू होतं. आधी गाणं खूप वेळा ऐकायचं आणि हे कुणासाठी आहे ते एका वाक्यात लिहायचं, आणि ते वाक्य जमेपर्यंत पुढे जायचं नाही. "तरुणांसाठी" हे उत्तर नाही, ते कुणालाही लागू होतं. मग फोटो, कव्हर, व्हिडिओ, आर्टिस्टची दहा ओळींची ओळख, कुठे शो आहेत, कुणाशी बोलायचं, पैसे कुठे घालायचे आणि (हे जास्त महत्त्वाचं) कुठे घालायचे नाहीत.

तारखांचं भान पाहिजे. १० जुलै २०१५ पासून जगभरात नवीन गाणी शुक्रवारी येतात, त्याआधी प्रत्येक देशाचा वेगळा वार होता, अमेरिकेत मंगळवार, ब्रिटनमध्ये सोमवार. स्पॉटिफायवर एडिटरना गाणं पिच करायचं, म्हणजे प्लेलिस्टमध्ये घ्या म्हणून सुचवायचं, तर रिलीजच्या निदान ७ दिवस आधी करावं लागतं, तरच ते फॉलोअर्सच्या रिलीज रडार या नवीन गाण्यांच्या प्लेलिस्टमध्ये नक्की जातं, आणि एका वेळी एकच गाणं पिच करता येतं. म्हणजे डिस्ट्रिब्यूटरकडे (गाणी सगळ्या ॲपवर पोचवणारी कंपनी) फाइल त्याच्याही बऱ्याच आधी पोचलेली पाहिजे. मिक्स बुधवारी रात्री आला आणि शुक्रवारी रिलीज, असं सांगणारे आर्टिस्ट भेटतील, त्यांना प्रेमाने पण ठाम नाही म्हणायचं आणि तारीख पुढे ढकलायची.

रिलीज झाल्यावर सगळे पहिल्या दिवसाचा आकडा बघतात. मी सेव्ह किती झाले, लोक शेवटपर्यंत ऐकतायत का आणि परत येतायत का ते बघायला सांगतो. ३० सेकंद ऐकलं की स्पॉटिफायवर स्ट्रीम मोजला जातो, त्यामुळे नुसता स्ट्रीमचा आकडा बघून गाणं आवडलं की नाही ते कळत नाही.

स्टेशनवाल्यांना किंवा एडिटरना गाणं कसं पिच करायचं?

या सगळ्या लाइनमधलं मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं ते इथे आहे, म्हणून जरा लांब लिहितो.

समोरच्याकडे आठवड्याला ढिगाने गाणी येतात. प्रत्येक प्रमोशनवाला म्हणतो हे जबरदस्त आहे, मग त्या शब्दाला काही वजन राहत नाही. ज्याचा फोन उचलला जातो तो कोण असतो माहितीये का, तो माणूस जो मागच्या महिन्यात स्वतःहून म्हणाला होता की आमच्याकडे या वेळी तीन गाणी आहेत पण तुमच्या स्टेशनला त्यातलं एकच बसेल, बाकीची दोन नका ऐकू. मी म्युझिक डिपार्टमेंटला असताना अशा लोकांची गाणी आधी ऐकायचो, आणि नंतर लेबलला आल्यावर तसंच वागायचं ठरवलं. तुमचं पहिलं भांडवल म्हणजे तुमच्या बोलण्यावर समोरचा ठेवतो तो विश्वास, आणि एका न बसणाऱ्या गाण्यासाठी तो खर्च केला तर पुढच्या खरोखर चांगल्या गाण्याच्या वेळी हातात काही उरत नाही.

त्यामुळे आधी स्टेशन ऐका, दोन दिवस तरी सलग ऐका. ते काय वाजवतात, कशाच्या शेजारी तुमचं गाणं ठीक वाटेल, सुरुवातीचं म्युझिक किती सेकंद आहे म्हणजे आरजेला त्यावर बोलता येईल का, शिवी असेल तर क्लीन व्हर्जन आहे का, गाणं लांब असेल तर रेडिओ एडिट आहे का. आणि नाही म्हणाले तर का ते विचारा, ऐका, वाद घालू नका. महिन्याने गाणं दुसरीकडे चाललं तर आकडे घेऊन परत जा, पण खरे आकडे.

पैसे दिले की गाणं लागतं असं म्हणतात, खरं आहे का?

असे प्रकार झालेत आणि त्यावरून करिअर संपलेली आहेत. अमेरिकेत १९५९-६० मध्ये यावर संसदेत चौकशी झाली, रॉक अँड रोल घराघरात नेणारा डीजे ॲलन फ्रीड याची १९५९ मध्ये नोकरी गेली, १९६२ मध्ये त्याने लाच घेतल्याचं कबूल केलं आणि १९६५ मध्ये वयाच्या ४३ व्या वर्षी तो गेला. १९६० मध्ये तिथे कायदा झाला की पैसे घेऊन काही वाजवलं तर ते श्रोत्यांना सांगावंच लागेल. तरीही २००५ मध्ये सोनी बीएमजी या लेबलला अशाच आरोपांवरून न्यूयॉर्क राज्याच्या ॲटर्नी जनरलशी तडजोड करून १ कोटी डॉलर भरावे लागले, त्यात नुसती रोख पाकिटं नव्हती, ट्रिपा, भेटवस्तू, बनावट कॉन्टेस्ट असले प्रकार होते.

आज याचं रूप म्हणजे "इतके पैसे द्या, इतके स्ट्रीम देतो" म्हणणारे. लांब राहा. हे स्ट्रीम बॉटचे, म्हणजे माणसांऐवजी प्रोग्रॅमने वाजवलेले असतात, पकडले गेले की गाणं प्लॅटफॉर्मवरून निघू शकतं, आणि त्याआधीच तुमचा सगळा डेटा खराब होतो कारण खरे ऐकणारे कोण आणि खोटे कोण तेच कळेनासं होतं. जाहिरात विकत घेणं वेगळं, ती जाहिरात आहे हे सगळ्यांना दिसतं.

आर्टिस्ट रिलेशन्स म्हणजे आर्टिस्टच्या मागे-पुढे करायचं ना?

नाही, आणि असं समजून येणारे फार टिकत नाहीत. १९५९ मध्ये बेरी गॉर्डीने अमेरिकेत डेट्रॉइटला मोटाउन हे लेबल सुरू केलं, तिथे आर्टिस्ट डेव्हलपमेंटचं वेगळं डिपार्टमेंट होतं. मॅक्सिन पॉवेल तरुण गायकांना उठणं-बसणं, लोकांशी आणि पत्रकारांशी बोलणं शिकवायच्या, चोली ॲटकिन्स स्टेजवरच्या हालचाली बसवायचे. गाणं चांगलं असलं तरी ते गाणाऱ्या माणसाला तयार करावं लागतं हे त्यांना कळलं होतं. आज तेवढं मोठं डिपार्टमेंट बहुतेक ठिकाणी नाही, ते काम थोडं थोडं तुमच्या अंगावर येतं.

रोजचं म्हणाल तर, रात्री उशिरा शो असेल तर सकाळी सातचा रेडिओ इंटरव्ह्यू घ्यायचाच नाही हे आधी सांगणं. मुलाखत घेणाऱ्याला नावाचा बरोबर उच्चार कळवणं. कुठला विषय काढू नका हे आधी स्पष्ट सांगणं आणि तो विषय निघालाच तर काय बोलायचं ते आर्टिस्टबरोबर आधी बोलून ठेवणं. साउंडचेकला वेळ आहे का, बँडमधल्या बाकीच्यांना गाडी आहे का, त्यांना जेवण मिळालं का. बँडवाल्यांना नेहमी विसरतात सगळे, तुम्ही विसरू नका, नावं पाठ करा.

आणि वाईट बातमी वेळेवर सांगणं. गाणं प्लेलिस्टमध्ये नाही आलं, व्हिडिओचं बजेट कमी झालं, टूरमधली दोन शहरं गेली, हे आर्टिस्टला तुमच्याकडून कळलं पाहिजे, बाहेरून नाही, आणि त्याच दिवशी. फोन करून सांगायचं, मेसेज टाकून पळायचं नाही. नव्या गाण्याबद्दल मत विचारलं तर खरं सांगायचं, पण कधी सांगायचं याला अक्कल लागते, स्टेजवर जायच्या पाच मिनिटं आधी नाही. ज्या माणसाने आपल्या आयुष्यातलं सगळ्यात खाजगी काहीतरी गाण्यात घातलंय आणि ते आता अनोळखी लोक एक बोट फिरवून पुढे ढकलतायत, त्याची झोप उडालेली असते हे लक्षात ठेवा. तब्येत बिघडलेली दिसली, मनाची असो की शरीराची, तर शेड्यूल थांबवायला सांगणारे तुम्ही पहिले असले पाहिजेत.

मग मी नेमकी कुणाची बाजू घ्यायची, लेबलची की आर्टिस्टची?

पगार लेबल देतं, त्यामुळे कागदोपत्री उत्तर सरळ आहे. पण आर्टिस्टला अंधारात ठेवून लेबलचंही कधी भलं होत नाही. सगळ्यात जास्त भांडणं हिशेबावरून होतात म्हणून तो नीट समजून घ्या. समजा ॲडव्हान्स (आर्टिस्टला आधी दिलेले पैसे) आणि रेकॉर्डिंगचा खर्च मिळून १०० झाला आणि आर्टिस्टची रॉयल्टी २० टक्के आहे. हे १०० आर्टिस्टच्या २० टक्क्यांतून वसूल होतात, म्हणजे गाण्यातून ५०० येईपर्यंत त्याच्या हातात पुढचा पैसा येत नाही. मधल्या काळात गाणं सगळीकडे वाजतंय आणि स्टेटमेंटमध्ये उणे आकडा, मग संशय येणारच ना. हे सही करायच्या आधी बसून समजावलं असेल तर संबंध टिकतो. आणि कॉन्ट्रॅक्ट स्वतःच्या वकिलाला दाखव असं आर्टिस्टला सांगायला अजिबात घाबरू नका.

मेटाडेटा, आयएसआरसी हे सगळं मला कशाला, ते टेक्निकल टीम बघेल ना?

मेटाडेटा म्हणजे गाण्यासोबत जाणारी नावं, कोड वगैरे माहिती, आणि त्यात नाव चुकलं की पैसे चुकतात, म्हणून तुम्हाला. प्रत्येक रेकॉर्डिंगला १२ अक्षर-अंकांचा आयएसआरसी कोड असतो, रीमिक्स किंवा लाइव्ह व्हर्जनला वेगळा लागतो. मूळ रचनेला, म्हणजे शब्द आणि चालीला, आयएसडब्ल्यूसी नावाचा वेगळा कोड. रेकॉर्डिंगचे हक्क एकाकडे आणि रचनेचे दुसऱ्याकडे असू शकतात, आणि पैसेही वेगळ्या वाटेने येतात. उदाहरणार्थ अमेरिकेत साधा एएम-एफएम रेडिओ गीतकार-संगीतकाराला पैसे देतो पण रेकॉर्डिंगवर गाणाऱ्याला देत नाही, बऱ्याच देशांत दोघांना मिळतात. स्टुडिओतून बाहेर पडायच्या आधी कुणाचा किती टक्के वाटा ते एका कागदावर लिहून सगळ्यांच्या सह्या घ्या. गाणं चालल्यानंतर तोच कागद बनवायला गेलात तर मित्र मित्र राहत नाहीत.

आता आर्टिस्ट स्वतःच सगळं टाकू शकतात, मग लेबल कशाला लागेल?

काहींना खरंच लागत नाही आणि तसं असेल तर तसं सांगावं. पण टाकणं सोपं झालं म्हणून लोकांपर्यंत पोचणं सोपं झालेलं नाही. २०२४ पासून स्पॉटिफायवर मागच्या १२ महिन्यांत निदान १,००० स्ट्रीम नसतील तर त्या ट्रॅकवर रेकॉर्डिंगची रॉयल्टीच मिळत नाही, आणि असे ट्रॅक प्रचंड आहेत. पैसा, टीम, ओळखी आणि वेळ, या चार गोष्टी लेबल आणतं. यातलं काहीच आणत नसेल तर आर्टिस्टने सही करू नये, हे मी लेबलला असतानाही म्हणायचो.

आकडेच सगळं ठरवणार असतील तर माझ्या कानाला काय किंमत?

आकड्यांनी चांगलंही केलंय. १९९१ च्या आधी अमेरिकेत अल्बमचा चार्ट दुकानदारांना विचारून बनायचा, मग साउंडस्कॅन नावाच्या सिस्टिमने काउंटरवरची खरी विक्री मोजायला सुरुवात केली आणि कंट्री, रॅप, मेटल एकदम वर दिसायला लागलं. ते लोक आधीपासून विकत घेतच होते, फक्त कुणी मोजत नव्हतं. तर आकडे खोटेपणा उघडा पाडतात. पण न आलेल्या गाण्याचा आकडा नसतो. जॉन हॅमंड या अमेरिकन रेकॉर्ड प्रोड्यूसरने बिली हॉलिडे, अरिथा फ्रँकलिन, बॉब डिलन, ब्रूस स्प्रिंगस्टीन यांना ओळखलं तेव्हा त्याच्याकडे फक्त कान होते आणि तो रोज कुठेतरी जाऊन ऐकायचा. दोन्ही करा.

डिग्री कुठली लागते?

ठरलेली अशी नाही. मास कॉम, कॉमर्स, लॉ, साउंड इंजिनिअरिंग, सगळीकडून लोक येतात. नीट लिहिता येणं, एक्सेल, आणि कॉन्ट्रॅक्ट वाचताना न घाबरणं, हे असेल तर पुढचं शिकवता येतं.

गाता-वाजवता येत नाही, चालेल?

चालेल. पण भरपूर ऐकलेलं पाहिजे आणि न आवडणाऱ्या प्रकारातलंही ऐकलेलं पाहिजे.

मी फार बोलका नाही, जमेल का?

उलट चांगलं. या लाइनमध्ये बोलणारे खूप आहेत, ऐकून घेणारे आणि सांगितलेलं लक्षात ठेवणारे कमी.

पगार आणि कामाच्या वेळा?

सुरुवातीला पगार कमी असतो, हे गोड करून सांगण्यात अर्थ नाही. कामाची वेळ ऑफिसची असते आणि वर संध्याकाळचे शो, गुरुवारची मध्यरात्र, शुक्रवारची सकाळ. फुकट इंटर्नशिप महिनोन्महिने करून घेणाऱ्यांना नाही म्हणा, शिकायला मिळतंय म्हणून पोट भरत नाही.

सुरुवात कशी करू? पहिला मेल कुणाला आणि काय पाठवू?

कॉलेज रेडिओ किंवा कम्युनिटी रेडिओ असेल तर आधी तिथे शिरा, तिथे चुकायला मुभा असते आणि लॉगपासून माइकपर्यंत सगळं हाताखालून जातं. नसेल तर एखाद्या ओळखीच्या बँडचं एक गाणं घ्या आणि त्याचं रिलीज तुम्ही सांभाळा, कोड, कव्हर, पिच, एक पानाची माहिती, सगळं. इंटरव्ह्यूमध्ये दाखवायला याच्याइतकं चांगलं काही नाही.

मेल माणसाच्या नावाने करा, पूर्ण डिपार्टमेंटला कॉपी टाकून नको. त्यांच्या स्टेशनचा किंवा लेबलचा अलीकडचा एखादा निर्णय तुम्हाला का पटला किंवा का वेगळा केला असता हे चार ओळीत लिहा, मग तुम्ही केलेलं एक काम, मग काय पाहिजे ते सरळ. मोठी फाइल अटॅच करू नका, लिंक द्या आणि ती लॉगिन न करता उघडते का ते दुसऱ्याच्या फोनवर बघा. उत्तर नाही आलं तर आठवड्याने एकदा आठवण करा, त्यानंतर नवीन काही दाखवण्यासारखं झालं की मगच लिहा. गाणं पाठवत असाल तर फाइलच्या नावात आर्टिस्ट, गाणं आणि व्हर्जन लिहा, आणि मेलच्या खाली फोन नंबर टाका.